इंदूअक्कांचं सूप

आमच्या लातूरच्या कॉलनीत भांडण झालं की पोलीस येत नाहीत, इंदूअक्का येतात. हातात सूप असतं, सुपात तुरीची दाळ असते आणि दाळीत खडे असतात. भांडणारे कुणीही असोत, अक्का त्यांना आपल्या ओसरीवर नेतात, सतरंजीवर समोरासमोर बसवतात, मधे सूप ठेवतात आणि म्हणतात, "निवडा."

"अक्का, पण आधी माझं ऐकून तर घ्या..."

"आगू!" हा अक्कांचा देगलूरच्या माहेरचा तेलुगू शब्द. म्हणजे थांब. "आधी सूप, मग तोंड."

नियम असा, की सुपातला शेवटचा खडा निघेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. तुम्ही म्हणाल, दाळ निवडून कधी भांडण मिटतं का? मीसुद्धा म्हणाले होते, आणि चांगलं नाक उडवून म्हणाले होते. ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवते मी, असल्या गोष्टींवर माझा विश्वास कसा बसावा? मग एक दिवस माझ्यावरच वेळ आली.

शेजारच्या शोभाचा शेवगा. झाड तिचं, शेंगा तिच्या आणि पाला मात्र सगळा माझ्या अंगणात. झाडून झाडून माझी कंबर धरायची. एका सकाळी माझं डोकं फिरलं. सगळा पाला पाटीत भरला आणि भिंतीवरून तिच्या अंगणात ओतला. आता मला काय माहीत की भिंतीपलीकडं तिनं ओल्या कुरडया वाळत घातल्यात! पुढं जे झालं ते छापण्यासारखं नाही. माझ्या माहेरच्यांचा उद्धार झाला, मीही तिच्या सासरच्यांना सोडलं नाही. आणि फाटकातून आवाज आला, "चला दोघी."

बसलो. शोभा पूर्वेकडं तोंड करून, मी पश्चिमेकडं. पण दाळ निवडायची तर मान खाली घालावीच लागते, आणि मान खाली घातली की समोरचीचे हात दिसतात. शोभाच्या बोटाला भाजल्याचा फोड होता. कुरडयांचा चीक घोटताना भाजलं असणार, हे मला न सांगता कळलं. मग एका खड्यावर दोघींची बोटं एकदम पडली. तिनं हात मागं घेतला आणि तो खडा माझ्याकडं सरकवला. बाई, जी बाई आपला खडा आपल्याला देते, तिच्याशी काय कपाळ भांडणार? सूप संपलं तेव्हा बोलायला काही उरलंच नव्हतं. अक्कांनी चहा दिला, आणि तेव्हापासून शोभाच्या शेवग्याच्या शेंगा आमच्या आमटीत असतात. पाला मीच झाडते, पण आता कंबर धरत नाही.

अक्का तालुक्याच्या कोर्टात कारकून होत्या. सगळा जन्म पुढच्या तारखा देण्यात गेला. "लई वकील बघितले, लई जज बघितले," त्या सांगतात, "पर वादी-प्रतिवादी कधी एकमेकांच्या तोंडाकडं बघत न्हाईत. समदे वर बघतात. म्हणून मी त्यास्नी खाली बघायला लावते." कोर्ट सुटलं, पण सवय सुटली नाही. कुणाला बोलवायचं असलं की अक्का त्याच्या दारात उभ्या राहून खणखणीत पुकारा करतात, "शोभा बालाजी, हाजीर हो!" पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हातातला चहा सांडतो.

नवरा जाऊन बराच काळ लोटला. लेक हैदराबादला, तिचा फोन येतो. घरात अक्का एकट्या. आणि दाळ मात्र सुपं भरभरून. एकटी बाई एवढ्या दाळीचं करते काय, हा कॉलनीतला आवडता विषय. सुधीर, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की अक्कांच्या डब्यावरून कॉलनीत किती शांतता आहे ते कळतं. डबा भरला म्हणजे आपण सगळे वाईट वागलो.

दुसरा विषय म्हणजे दाळीतले खडे. इतके खडे! शेवटी आम्ही चारजणी बसवराजच्या किराणा दुकानावर चालून गेलो. म्हातारीला खडे विकतोस, लाज वाटत नाही का तुला? बसवराज बिचारा शपथा घ्यायला लागला, की ताई, मशीनची दाळ हाय, एक खडा दाखवा. आवाज चढले. अक्का आल्या आणि त्यांनी दुकानदारालाच ओसरीवर नेऊन सुपाशी बसवलं. तो खडा काढायचा, उजेडात धरायचा, कपाळाला आठ्या घालायचा. "अक्का, हे आमच्या दुकानचे खडे न्हाईत."

"आगू," अक्का म्हणाल्या, जरा घाईनंच. "आधी सूप, मग तोंड." आणि त्याला लवकर चहा देऊन वाटेला लावलं. आम्ही मनात म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा.

आता आबांची गोष्ट सांगते. आबा म्हणजे माझे सासरे, नाव दिगंबर. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांचे जिवलग दोस्त माणिकराव, एसटीचे कंडक्टर. रोज सकाळी दोघं फिरायला जायचे, म्हणजे चहाच्या टपरीपर्यंत जायचे आणि तिथं बसायचे. वर्षानुवर्षं हे चाललेलं. आणि गेल्या वेळ अमावस्येला दोघांचं फाटलं.

वेळ अमावस्या आमच्याकडं दिवाळीहून मोठी. ऐन थंडीत सगळं लातूर शेतात जातं. कडब्याची कोप उभारतात, तिच्यात पूजा करतात, आणि मग सगळ्या शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, मडक्यातली ताकाची अंबिल. त्या दिवशी वाटेनं जाणाऱ्या माणसाला हाक मारून जेवायला घालायचं आणि त्यानं नाही म्हणायचं नाही, ही रीत. आबा निघाले होते माणिकरावांच्या शेताला. वाटेत जुन्या विद्यार्थ्याचं शेत लागलं. "गुरुजी, दोन घास खाल्ल्याबिगर पुढं जाऊ देणार न्हाई!" आबा बसले. विद्यार्थ्यानं वाढलं, त्याच्या आईनं वाढलं, बायकोनं वाढलं. माणिकरावांच्या कोपीपाशी पोचेपर्यंत आबांना श्वास घ्यायला जागा नव्हती. भज्जी दोन घास चिवडली, अंबिलीचा एक घोट घेतला, "आंबट झालीय रे" म्हणाले आणि सावलीत आडवे होऊन घोरायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून माणिकराव फिरायला यायचे बंद. कुणाकडून तरी कानावर आलं, की दिग्यानं माझ्या शेतात येऊन माझा अपमान केला असं ते म्हणतात. आबा भडकले. "दोन घास कमी खाल्ले तर अपमान? गेला उडत!" म्हणाले आणि स्वतःच विझून गेले.

खरंच विझले हो. फिरणं बंद. रेडिओ बंदच पडून असायचा. जेवायला बसायचे आणि अर्धी भाकरी ताटात टाकून उठायचे. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, शुगर सोडली तर शरीरात काही नाही, लोकांत मिसळायला पाहिजे. लोकांत? त्यांचे लोक म्हणजे एकटे माणिकराव! सुधीर रोज समजूत घालायचा, "जाऊ द्या ना आबा, एवढं काय त्यात." आबा "हां" म्हणायचे आणि कूस बदलायचे. मला धास्ती वाटायला लागली होती, की हा माणूस असाच पडून पडून हाताला लागणार नाही.

संक्रांतीचा तिळगूळ द्यायला अक्का आल्या आणि त्यांनी आबांची पाठ पाहिली. काय झालंय ते मी सांगितलं. सुधीर मधेच म्हणाला, "किरकोळ गोष्ट आहे अक्का. मी त्यांना सांगून राहिलोय, जाऊ द्या म्हणून."

अक्का अशा काही वळल्या, की सुधीर दोन पावलं मागं सरकला.

"तुझं सायबाशी भांडण झालं तर तू समद्या घराला रातभर ऐकवतोस. तवा कुणी म्हणतंय का जाऊ दे? मग म्हाताऱ्या माणसाचं भांडण कामून किरकोळ? त्याचं खरं हाय का खोटं हाय, एवढं तरी कुणी बसून ऐकंल का न्हाई? जाऊ द्या, जाऊ द्या म्हणून तुम्ही त्यालाच घालवायला निघालात!"

आणि तिथंच, आमच्या दिवाणखान्यात, छताला भिडेल असा पुकारा केला, "दिगंबर माधवराव, हाजीर हो!"

इतके दिवस भिंतीकडं बघणारे आबा ताडकन उठून बसले आणि टोपी शोधायला लागले.

आबांना ओसरीवर बसवून अक्का तशाच गेल्या आणि माणिकरावांनाही पुकारा करून घेऊन आल्या. सूप मधे. आणि आता पंचाईत झाली. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, दाळ आणि खडा त्यांना सारखाच दिसतो. माणिकरावांचं ऑपरेशन झालेलं, नजर लख्ख, पण बोटं थरथरतात, चिमटीत खडा राहत नाही. एकजण नुसताच सुपात हात फिरवतोय आणि दुसरा धरलेला खडा परत दाळीत पाडतोय. दाराआडून बघताना मला हसू आवरेना. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी माणिकराव भिंतीकडं बघून पुटपुटले, "अंगठ्यापाशी."

आबांनी अंगठ्यापाशी चाचपलं. खडा निघाला.

"त्याच्या जरा वर. तिकडं न्हाई, इकडं. आंधळा हायस का?"

"हावच की आंधळा! नीट सांग ना मग."

नियम मोडला होता. अक्का शेवग्याकडं बघत बसल्या, जणू कानात बोळे घातलेत. माणिकराव दाखवायचे आणि आबा काढायचे, असं करत सूप संपलं. मग अक्का माणिकरावांना म्हणाल्या, "आता बोला."

माणिकराव सुपातली दाळ उगाच सारखी करत बसले.

"मंग?" अक्का म्हणाल्या. ऐकताना त्या एवढंच बोलतात.

"भज्जी मी केली होती," माणिकराव म्हणाले. "अंबिल पण. ही गेली त्याच साली. पोरं म्हणाली, औंदा राहू द्या, विकत आणू. म्या म्हटलं, न्हाई. ती कशी करायची ते आठवून आठवून, पहाटेपासून चुलीपुढं बसलो. तिच्या हातची चव ठाऊक असलेला बाहेरचा माणूस एकच, ह्यो. त्याला एवढंच इचारायचं होतं, की तिच्यासारखी झाली का. अन् ह्यो गडी कुठंतरी गिळून आला अन् घोरत पडला."

आबांचा चेहरा बघवत नव्हता. "अरे, सांगायचं न्हाईस?"

"सांगून खाऊ घालायची असती का?"

आबांनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "अंबिल आंबट झाली होती, माणक्या. पर वैनीची पण आंबटच असायची. मी दरसाली तिला तेच म्हणायचो, आंबट झालीय. अन् ती दरसाली मला अजून वाढायची. त्या दिशी पोट भरलेलं होतं, पर तोंडातनं तेच निघालं. तिचीच चव लागली म्हणून निघालं."

माणिकराव ढसाढसा रडले. आबाही रडले. मी दाराआड पदरानं डोळे पुसत होते. अक्का चहा टाकायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्या संध्याकाळी आबांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

पुढं तर दोघांना सुपाची चटकच लागली. उदगीरच्या स्टँडवरचं वडाचं झाड उजव्या हाताला होतं का डाव्या? भांडण. कुठल्याशा गाडीचा ड्रायव्हर मिशीवाला होता का बिनमिशीचा? भांडण. आणि चालले हातात हात घालून अक्कांकडं तक्रार घेऊन! अक्का दर वेळी तितक्याच गंभीरपणे सूप आणणार आणि "मंग?" म्हणून ऐकणार. आबांचं वजन वाढलं, आवाज वाढला. डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध चालू केलं? मी म्हटलं, तुरीची दाळ.

बघता बघता यंदाची वेळ अमावस्या आली. आदल्या दिवशी शोभानं अक्कांना विचारलं, "अक्का, उद्या कुणाच्या शेतावर?" अक्का हसल्या. "लई आवतणं हायत गं. कुणाकुणाचं मन राखू?" दर वर्षी हेच. अक्का सगळ्यांच्याच, म्हणून आम्ही सगळेच निर्धास्त. सकाळी कॉलनी रिकामी झाली. आम्ही माणिकरावांच्या शेतात, औशाच्या वाटेला. पूजा झाली, पंगत मांडायची तयारी झाली आणि माझ्या ध्यानात आलं, आबांच्या शुगरच्या गोळ्या घरीच राहिल्या! कपाळाला हात लावला आणि स्कूटी परत काढली.

लातुरात शुकशुकाट. कॉलनीत शिरले तर एक कुत्रंसुद्धा नव्हतं, तेही कुणाच्या तरी शेतावर गेलं असावं. आणि अक्कांच्या ओसरीवर अक्का बसलेल्या.

पाठ माझ्याकडं होती. पुढ्यात परात, परातीत स्वच्छ, पिवळीधमक दाळ. शेजारी फडक्यावर वाळत घातलेले बारीक खडे. अक्का त्यातले चिमूटभर उचलायच्या, दाळीवर टाकायच्या आणि हातानं हलकेच हलवायच्या. मीठ पेरावं तसं.

"अक्का?"

दचकल्या. पदर ओढून फडकं झाकायला गेल्या, मग तसाच राहू दिला.

"अक्का, तुम्ही गेला नाहीत? तुमची आवतणं?"

"कुठली आवतणं?" अक्का म्हणाल्या. "पयल्या साली कुणी इचारलं, कुणाच्या शेतावर जाणार. बोलावलं तर कुणीच नव्हतं. तसं सांगू का? म्हणून म्हटलं, लई आवतणं हायत. मग समद्यास्नी वाटलं, अक्का दुसऱ्याकडं जातात. तेच चालू हाय."

मी खड्यांकडं बघत राहिले.

"दाळ आता मशीननं साफ होऊन येती, बाई. निवडायला काय उरलंय? अन् निवडायला काही नसलं, तर माझ्यापाशी बसायला कोण येतंय?" मग घाईघाईनं म्हणाल्या, "धुऊन घेते हं मी. गरम पाण्यानं. तुमच्या हाताला लागतात म्हणून." आणि थोड्या वेळानं, दाळीतून बोटं फिरवत, "तुम्ही समदे भांडता, मला लई बरं वाटतं. घरात माणूस हाय म्हणून भांडता ना. मी कुणासंगं भांडू?"

मला असं रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. स्वतःचाच, कॉलनीचा, सगळ्यांचा. अक्कांना "चला जेवायला" म्हटलं असतं तर त्या मेल्या तरी आल्या नसत्या, हेही दिसत होतं. म्हणून मी कमरेवर हात ठेवून ओरडले, "अक्का, मी तुम्हालाच न्यायला आलेय! शेतात भांडण झालंय!"

"कुणाचं?"

"आबांचं आणि माणिककाकांचं. भज्जीवरून."

"परत?" अक्का उठल्याच. त्यांचा चेहरा काय उजळला म्हणून सांगू! "थांब, सूप घेते."

गोळ्या पर्समध्ये, अक्का मागच्या सीटवर, मांडीवर सूप, सुपावर पदर. वाटभर "हळू घे गं, दाळ सांडंल" चालू होतं. शेतात पोचले तर भांडणारे दोघं पंगतीची वाट बघत कोपीच्या सावलीत एकाच घोंगडीवर पाठीला पाठ लावून झोपलेले. मी हॉर्न दाबला. माणिकरावांनी डोळा उघडला. अक्का दिसल्या, सूप दिसलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं. जन्मभर कंडक्टरकी केलेला माणूस, एका नजरेत उमजला. आबांना कोपर मारून कुजबुजला, "ऊठ दिग्या! आपलं भांडण झालंय!"

माणिकरावांना ऐकू कमी येतं, आणि अशा माणसाची कुजबुज शिवारभर जाते. चार शेतं पलीकडच्या बायकासुद्धा वळून बघायला लागल्या. अक्कांनी ऐकलं नसणं शक्यच नव्हतं. पण त्या शांतपणे घोंगडीवर बसल्या, सूप मधे ठेवलं आणि म्हणाल्या, "निवडा."

दोघं निवडायला लागले. माणिकराव दाखवत होते, आबा काढत होते. सगळे खडे निघाले तसे आबांनी ते रुमालाच्या टोकात बांधले आणि अक्कांच्या हातात ठेवले.

"फेकू नका अक्का. पुढच्या भांडणाला लागतील."

अक्का बघतच राहिल्या. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मास्तर हाय मी. डोळ्यांनी दिसत न्हाई, पर हाताला तर कळतं. कणभरबी माती नसलेले खडे कुठल्या दाळीत निघतात?"

"म्हंजे तुला ठाऊक होतं?" माणिकराव उसळले. "मला पयल्या दिशीच दिसलं होतं! तुला कळंल अन् तू अक्कास्नी बोलून बसशील, म्हणून वरीसभर मी गुमान बसलो! मला कामून सांगितलं न्हाईस?"

"तू कामून न्हाई सांगितलंस?"

"मी इचारून राहिलो ना आधी!"

आणि खरंखुरं भांडण पेटलं. आबांची टोपी पडली, माणिकराव उभे राहिले.

"आगू!" अक्का कडाडल्या. दोघं गप्प. अक्कांनी सूप उचलून बाजूला ठेवलं, डोळे पुसले, आणि जागेवरच नीट मांडी घातली. "आधी जेवण, मग तोंड."

माणिकरावांनी स्वतः वाढलं. भज्जी, उंडा, खीर, आणि वाटीत अंबिल. हात थरथरत होता म्हणून वाटी आबांनी धरली. मग दोघं म्हातारे अक्कांच्या समोर निकाल ऐकायला बसल्यासारखे बसले. अक्कांनी वाटी तोंडाला लावली ती खाली ठेवलीच नाही, गटागटा सगळी संपवली. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, ते त्यांनी वाहू दिलं.

"कशी झालीय अक्का?" माणिकरावांनी विचारलं.

"आंबट झालीय," अक्का म्हणाल्या आणि रिकामी वाटी पुढं केली.